बिनतंट्याचा खर्च

पोस्टमास्तरांनी बाबांची बचत सर्टिफिकिटं एकेक करून पाहिली, मृत्युपत्र दोनदा वाचलं आणि सगळे कागद खिडकीतून परत माझ्याकडे सरकवले. म्हणाले, ‘‘बाई, तुमच्या वडलांचं अक्षर मी ओळखतो. पण मी ओळखून काय उपयोग? कोर्टाचा कागद आणा, मग पैसे देतो.’’

बाबांना जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. महाराष्ट्र होऊनही दोन-तीन वर्षंच झाली होती. कचेरीतले काही छापील फॉर्म अजून जुन्या राज्याचे होते आणि त्यावर शाईने काट मारून नवं नाव लिहिलेलं असायचं. मी चिखलीच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. माझं लग्न सोळाव्या वर्षी झालं आणि अठराव्या वर्षी संपलं. सासरच्यांनी मला माहेरी पोचवणाऱ्या बैलगाडीत माझी ट्रंकही ठेवली होती, म्हणजे परत बोलावणार नव्हते. लोक म्हणाले, आता ही बापाच्या घरी भाकरी थापत बसणार. बाबांनी मला ट्रेनिंगला अकोल्याला पाठवलं. आई तोवर राहिली नव्हती. मोठा भाऊ देऊळगाव राजाला होता. त्याच्या सासरच्या गावी बाबांनीच त्याला कापडाचं दुकान टाकून दिलं होतं.

बाबा अर्जनवीस होते. कचेरीच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली सतरंजी टाकून बसायचे आणि लोकांचे अर्ज, खरेदीखतं, भाडेचिठ्ठ्या लिहून द्यायचे. मृत्युपत्रंही लिहायचे. त्याच सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला त्यांचे सोबती बसायचे. मी त्यांना काका म्हणायची. नात्याने ते कोणीच नव्हते, पण काकांशिवाय आमच्याकडे दिवाळीचा फराळ कधी झाला नाही. बाबांच्या आजारपणात सकाळी कचेरीत जाण्याआधी ते रोज आमच्याकडे डोकावून जात. माझ्या ट्रेनिंगचा अर्जही त्यांनीच लिहिला होता, कारण बाबा म्हणाले होते, स्वतःच्या पोरीचा अर्ज मला धड लिहिता येत नाही.

बाबांनी मृत्युपत्र मरणाच्या वर्षभर आधी केलं. सगळं स्वतःच्या हाताने लिहिलेलं. मुलाला दुकानाचं भांडवल यापूर्वीच दिलं आहे, सबब राहतं घर आणि पोस्टातली रक्कम मुलीला द्यावी, असं त्यात होतं. खाली दोन साक्षीदार : एक काका आणि दुसरे सरकारी दवाखान्यातले कंपाउंडर. बाबांना दम्याचं इंजेक्शन द्यायला ते घरी येत.

तेराव्यानंतर दादाने तो कागद माझ्यासमोरच वाचला. वाचून घडी घातली आणि म्हणाला, ‘‘बाबांनी लिहिलं ते बरोबरच लिहिलं.’’ वहिनी शेजारीच बसून ऐकत होती.

पोस्टातून परतल्यावर मी काकांना निरोप धाडला. ते संध्याकाळी आले, ओसरीवर बसले, चहा घेतला. मग मला म्हणाले, ‘‘वही घे. कोर्टात जायच्या आंधी मानसाले खर्च समजला पाह्यजे. लोकं खर्च न समजता पायरी चढतात आन् मंग रडत उतरतात.’’

मी शाळेच्या वहीचं मागचं पान उघडलं. प्रोबेट हा शब्द मी पहिल्यांदा तेव्हाच लिहिला. मृत्युपत्र खरं आहे असं कोर्टाने शिक्का मारून सांगायचं, एवढाच त्याचा अर्थ, काका म्हणाले. मुंबईत ते घ्यावंच लागतं. आपल्या वऱ्हाडात तसं बंधन नाही, पण पोस्ट आणि बँक कोर्टाच्या कागदाशिवाय हलत नाहीत, तेव्हा एकदाच काय ते पक्कं करून घ्यावं. मग त्यांनी एकेक खर्च सांगितला. मालमत्तेच्या किमतीवर शेकड्याच्या हिशेबाने कोर्ट फी, आणि ती भरल्याशिवाय कागद हातात पडत नाही. वकिलाची फी. वारसांना नोटीस पोचवायला बेलीफ पाठवायचा, त्याचा तलबाना. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. नकलांचा खर्च वेगळा. साक्षीदारांचा भत्ता आणि बुलढाण्यापर्यंतचं एस.टी.चं भाडं. घराची किंमत कोणाकडून लिहून घ्यायची तेही सांगितलं, म्हणजे उगाच जास्त फी भरावी लागणार नाही. शेवटी म्हणाले, ‘‘अर्ज मी लिहीन. त्याचा तुले खर्च नाही.’’

मी बेरीज करून दाखवली. चार-पाच महिन्यांच्या पगारात भागेल असं दिसत होतं.

‘‘हा झाला बिनतंट्याचा खर्च,’’ काका म्हणाले. ‘‘कोणी हरकत घेतली तं त्याचं दिवाणी दाव्यासारखं होते. मंग हे पान फाडून टाकजो.’’

मी विचारलं, हरकत कोण घेईल?

‘‘कोन घेईन? तुहा भाऊ?’’ म्हणून ते हसले, आणि मीही हसले.

त्या पानावरचा आकडा मी पाटल्या मोडून उभा केला. सासरहून माझ्या अंगावर परत आलेलं तेवढंच सोनं होतं. सोनाराने त्या काढताना हाताला साबण लावला. मला वाईट वाटलं नाही. उलट त्या एकदाच्या कामाला आल्या असं वाटलं.

अर्ज दाखल झाला. दादाला नोटीस गेली. त्याने मला पत्र लिहिलं की संमतीचा कागद मी तारखेला येऊन स्वतः देतो, तू काळजी करू नकोस. तारखेच्या आदल्या दिवशी तो चिखलीला उतरला तो आमच्याच घरी. मी त्याच्या आवडीची अंबाडीची भाजी केली. जेवताना त्याने पोरांच्या गमती सांगितल्या, दुकानात यंदा लट्ठा बरा खपला म्हणाला. छपराकडे पाहत विचारलं, पावसाळ्यात गळतं का गं? मी म्हटलं, मागच्या खोलीत गळतं. तो म्हणाला, कौलं बदलायला झाली. सकाळी आम्ही एकाच एस.टी.ने बुलढाण्याला निघालो. माझं तिकीट त्यानेच काढलं. एस.टी.त मला नेहमी मळमळतं हे त्याच्या लक्षात होतं. त्याने मला खिडकीची जागा दिली आणि खिशातून लिंबू काढून दिलं.

कोर्टाच्या व्हरांड्यात एक काळा कोट त्याची वाट पाहत उभा होता. मला वाटलं, संमतीच्या कागदासाठी वकील लागत असेल. आमचा पुकारा झाला. आत गेल्यावर त्या वकिलाने उभं राहून एक टाइप केलेला कागद दिला. माझ्या वकिलांनी तो वाचला आणि माझ्या हातात ठेवला. त्यात लिहिलं होतं की मृत्युपत्रावरची सही आमच्या वडिलांची नाही. ते आजाराने भानावर नव्हते. अर्जदार त्यांच्यासोबत राहत असल्याने तिने दडपण आणून हा कागद तयार करवला. अर्जदार म्हणजे मी. खाली दादाची सही होती. तारीख आठ दिवसांपूर्वीची होती. म्हणजे अंबाडीची भाजी खाताना तो कागद त्याच्या पिशवीत होता.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होता.

परत येताना आम्ही वेगवेगळ्या गाड्यांनी आलो. मला या वेळी मळमळलं नाही. त्या अंतरातलं मला काहीच आठवत नाही. चिखलीला उतरल्यावर मी घरी न जाता सरळ काकांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. काकूंनी पाणी आणलं. काका म्हणाले, घाबरू नको, सही आपल्यासमोर झाली आहे, मी जिवंत आहे तोवर मृत्युपत्राला कोण हात लावतो ते बघू. त्यांच्या धाकट्या मुलीने, ती माझीच विद्यार्थिनी होती, मला दारापर्यंत सोडलं.

मग तारखा सुरू झाल्या. काका म्हणाले होते ते खरं ठरलं. वहीतल्या पानाला काही अर्थ उरला नाही. प्रकरण आता दाव्यासारखं चालणार म्हणून वकिलांनी नवी फी सांगितली. सही तपासायला बाबांच्या जुन्या दस्तांच्या नकला काढाव्या लागल्या. कधी साहेब रजेवर, कधी दादाच्या वकिलाने मुदत मागितलेली. शाळेतून बिनपगारी रजा घेऊन मी बुलढाण्याला जायची आणि पुढची तारीख घेऊन परत यायची. आईची नथ गेली. तांब्याचा मोठा हंडा गेला. हेडबाईंनी एकदा बोलावून सांगितलं की वर्गाचा अभ्यास मागे पडला आहे. तो खरंच पडला होता.

या सगळ्यात काका बहुतेक वेळा माझ्याबरोबर असायचे. त्यांची साक्ष लागली तेव्हा दीड वर्ष होऊन गेलं होतं. आदल्या आठवड्यात ते मला जरा गप्प वाटले. मी म्हटलं, काका, तब्येत बरी नाही का? ते म्हणाले, उन्हाचं डोकं दुखते.

साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून त्यांनी शपथ घेतली. माझ्या वकिलांनी मृत्युपत्र दाखवून विचारलं, ही सही तुमची का?

‘‘हाव, माहीच आहे.’’

मृत्युपत्र करणाऱ्याने तुमच्यासमोर सही केली का?

काकांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, परत घातला. ‘‘ते मले आठवत नाही. कागद मह्या हाती आला तवा सही असंन केलेली. मी पाह्यली नाही.’’

माझ्या वकिलांनी प्रश्न पुन्हा विचारला. काकांनी तेच उत्तर दिलं, शब्दही न बदलता. दुसरे साक्षीदार तिथे हजर होते का, यावरही त्यांना आठवत नव्हतं.

दुसऱ्या कोणाला त्या उत्तराची धार कळली नसती. पण मी अर्जनवीसाची मुलगी होते. साक्षीदारासमोर सही झाली नसेल तर मृत्युपत्र म्हणजे रद्दी, हे बाबा सतरंजीवर बसून लोकांना शंभरदा सांगायचे, आणि शेजारी बसलेले काका मान डोलवायचे. ते एक शब्द खोटा न बोलल्यासारखे बोलले होते. सही खोटी आहे असंही म्हणाले नाहीत. नेमका कुठे वार करायचा हे माहीत असणारी माणसं चिखलीत दोनच होती, आणि त्यातलं एक मेलं होतं.

कारण मला आठ दिवसांनी शाळेत कळलं. एका पालक बाईने सहज सांगितलं की काकांच्या मोठ्या मुलीचं जमलं, देऊळगाव राजाला, किराणा दुकान आहे मुलाचं. मुलगा म्हणजे माझ्या वहिनीचा भाऊ. त्या मुलीला तीन वर्षं स्थळं येऊन परत जात होती हे मला माहीत होतं. दोन स्थळांना तर मीच पत्रं लिहिली होती.

मी रविवारी त्यांच्याकडे गेले. काकू मला पाहून आत निघून गेल्या. काका ओट्यावर सुपारी कातरत होते. बस म्हणाले. मी बसले नाही. विचारलं, लग्नासाठी केलं का?

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, ‘‘तुह्या बापाले एक पोरगी होती, माय. मले चार आहेत. तुले पगार आहे. उपाशी नाही मरत तू.’’

‘‘ओसरीवर बसून खर्च सांगत होता, तेव्हा हे ठरलं होतं?’’

‘‘नाही. तवा नव्हतं. शपथेवर सांगतो.’’

‘‘शपथेवर तुम्ही कोर्टातही सांगितलंत,’’ मी म्हटलं.

त्यांनी अडकित्ता परत उचलला. मला वाटतं, ते खरंच बोलत होते. त्या संध्याकाळी त्यांनी मला जे सांगितलं त्यात खोट नव्हती. आजही मला जास्त लागतं ते हेच. पहिल्यापासून कपट असतं तर मी त्यांना मनातून काढून टाकलं असतं. पण ज्या माणसाने माझा अर्ज फुकट लिहिला, तोच माझ्याविरुद्ध उभा राहिला. त्या दोघांना मला अजून वेगळं करता आलेलं नाही.

वकील म्हणाले, आता एकच आशा, दुसरा साक्षीदार. कंपाउंडर निवृत्त होऊन आपल्या गावी संग्रामपूरकडे गेले होते. त्यांना समन्स पाठवता आलं असतं, पण वकील म्हणाले की पहिल्या साक्षीदाराचं असं झाल्यावर आधी माणूस पाहून या. मी दोन दिवसांची रजा टाकली. चिखलीहून खामगाव, तिथून गाडी बदलून पूर्णेपलीकडे, आणि शेवटचं अंतर सरकीची पोती भरलेल्या एका बैलगाडीत. पुढे सातपुड्याची निळी रेघ दिसत होती. एवढ्या लांब मी एकटी कधी आले नव्हते.

कंपाउंडर वांग्याच्या मळ्यात मुलांबरोबर टोपल्या भरत होते. त्यांनी मला लगेच ओळखलं नाही. बाबांचं नाव सांगितल्यावर हात धुऊन आले. मी त्यांना काही शिकवायचं नाही असं ठरवून आले होते. फक्त म्हटलं, मृत्युपत्रावर तुम्ही सही केली होती, तेव्हाचं काय आठवतं?

ते म्हणाले, ‘‘सगळंच आठवते. मी चष्मा इसरून आलो होतो. मी म्हणलं, भाऊ, दाखवा कुठं सही करू, करून टाकतो. तं तुमचे वडील मले रागावले. वाचल्याशिवाय सही करायची नाही म्हणे. मले चष्मा आनाले घरी धाडलं भर उन्हात. मी येईपर्यंत त्या दुसऱ्या अर्जनवीसाले बसवून ठेवलं. मंग तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या.’’

मी तिथे मळ्याच्या बांधावर बसून रडले. दादाचा कागद वाचून रडले नव्हते, काकांच्या साक्षीनंतरही नाही. कंपाउंडर बाजूला उभे राहिले आणि त्यांनी सुनेला माझ्यासाठी ताक आणायला सांगितलं. त्यांच्या बायकोची नाराजी होती, ऐन तोडणीत माणूस कोर्टात जाणार म्हणून. तरी ते आले. भत्ता म्हणून जाण्यायेण्याचं भाडं तेवढं मोजून घेतलं, आणि येताना माझ्यासाठी वांगी आणली.

त्यांची साक्ष अर्ध्या तासात झाली. दादाच्या वकिलाने चष्म्यावरून त्यांना बरंच छेडलं. इतक्या वर्षांपूर्वीचं एवढं बारीक कसं लक्षात राहिलं? ते म्हणाले, साहेब, आयुष्यभर मी चिठ्ठी न वाचता औषध दिलं नाही, आणि त्या दिवशी मला दुसऱ्या कोणी तीच गोष्ट शिकवली, ते कसं विसरेन?

निकाल माझ्या बाजूने लागला. एक साक्षीदार विसरला तरी दुसऱ्याने तिघांच्या सह्यांचं सांगितलं, आणि अक्षर बाबांचंच आहे, एवढं कोर्टाला पुरलं. मग कोर्ट फी भरली आणि प्रोबेटचा कागद हातात आला. अर्ज केल्यापासून तीन वर्षं उलटून गेली होती. पोस्टमास्तर बदलले होते. नव्या पोस्टमास्तरांनी पैसे मोजून दिले, आणि तीन वर्षांत गेलेलं वजा करता त्यात जवळपास काही उरलं नाही. घर राहिलं. मागची खोली गळतच होती.

काकांच्या मुलीचं लग्न देऊळगावला बालाजीच्या मंदिरात झालं. मला पत्रिका आली नाही. काका पुढेही कचेरीत बसत राहिले, बाबांच्या टोकाला त्यांनी एक पोरगा शिकाऊ म्हणून बसवला. गावातले लोक त्यांच्याकडेच मृत्युपत्रं लिहायला जात. रस्त्यात भेटले तर ते थांबायचे, मी थांबत नसे. ते वारले तेव्हा मी काकूंना भेटायला गेले आणि पाच मिनिटांत परत आले.

दादाची माझी भेट निकालानंतर अकरा वर्षांनी झाली, चिखलीच्या बसस्टँडवर. मी परीक्षेच्या कामाला मेहकरला निघाले होते, तो कापडाचे गठ्ठे उतरवून घेत होता. त्याचे केस पांढरे झाले होते. तोच जवळ आला. कशी आहेस, म्हणाला. मी म्हटलं, बरी आहे. शेजारी बाकावर बसला. थोडा वेळ पोरांचं बोललो. मग त्याने आपणहून विषय काढला.

‘‘मला वाटलं होतं, तू महिन्याभरात तडजोडीला येशील,’’ तो म्हणाला. ‘‘वकील म्हणाला होता, हरकत घेतली की खर्च दिसतो, आणि खर्च दिसला की बाईमाणूस अर्ध्यावर तयार होते. मला अर्ध्याहून जास्त नको होतं.’’

‘‘मग मागायचं होतंस.’’

‘‘मागितलं असतं तर दिलं असतंस?’’

माझ्या तोंडाशी ‘हो’ आलं होतं. ज्या रात्री तो माझ्याकडे जेवला, त्या रात्री त्याने मागितलं असतं तर काय केलं असतं, हे मला माहीत नव्हतं. कदाचित दिलं असतं. कदाचित म्हटलं असतं, बाबांनी लिहिलं ते लिहिलं. पण मागायची संधी त्यानेच घालवली होती, आणि आता तो माझ्याकडून उत्तर मागत होता.

‘‘ती भाजी तू पोटभर खाल्लीस, दादा,’’ एवढंच मी म्हटलं.

मेहकरची गाडी लागली. त्याने माझी पिशवी उचलायला हात पुढे केला. मी ती स्वतःच उचलली आणि चढले. गाडी सुटेपर्यंत तो खिडकीखाली उभा होता. मी दुसऱ्या बाजूच्या सीटवर जाऊन बसले.